जुन्या काळी टीम दौऱ्यावर गेली की एवढ्या खोड्या कशा काय चालायच्या?

थर्डमॅन_७७

मंडळी, परवा डेव्हिड गॉवरचा विमानाचा किस्सा परत एकदा वाचनात आला आणि तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, जानेवारी १९९१, इंग्लंडची टीम ऑस्ट्रेलियात, करारा नावाच्या ठिकाणी क्वीन्सलँडशी मॅच चालू होती, गॉवर आणि जॉन मॉरिस दोघंही आउट होऊन मोकळे बसलेले, तर हे दोघं गुपचूप ग्राउंडबाहेर सटकले, जवळच्या एअरपोर्टवर जाऊन टायगर मॉथ भाड्याने घेतली (ती जुनी, वरखाली दोन पंख असलेली विमानं) आणि चालू मॅचच्या डोक्यावरून घिरट्या मारून आले. खाली आपलेच रॉबिन स्मिथ आणि लॅम्ब बॅटिंग करत होते!! वर दुसऱ्या दिवशीच्या पेपरसाठी विमानाशेजारी उभं राहून फोटो पण काढून दिले. टीम मॅनेजमेंटचं डोकं असं फिरलं की दोघांना प्रत्येकी १००० पौंड दंड.

मला हे वाचून हसू पण आलं आणि प्रश्न पण पडला. हे १९९१ मधलं झालं, त्याच्याही आधी, म्हणजे बोटीने नि ट्रेनने दौरे व्हायचे तेव्हा असले उद्योग रोजचेच असतील ना? आणि ते चालवून कसे घ्यायचे? आज कोणी असं केलं तर घरीच पाठवतील. तुमच्याकडे जुने किस्से असतील तर टाका, क्रिकेटच पाहिजे असं नाही, फक्त खरे टाका, व्हॉट्सॲपवर फिरणारे नकोत.

---

लाकडी_साइटस्क्रीन

विषय माझ्या आवडीचा काढलात राव, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी "का" याचं उत्तर. तुम्ही त्या दौऱ्यांची लांबी बघा म्हणजे निम्मं कोडं तिथेच सुटतं. १९४८ ची ब्रॅडमनची टीम घ्या. ऑस्ट्रेलियाहून स्ट्रॅथेअर्ड नावाच्या बोटीने निघाले, इंग्लंडला पोचायलाच साधारण चार आठवडे, मग तिथे एप्रिल ते सप्टेंबर ३४ मॅचेस, आणि मग परत तेवढाच बोटीचा प्रवास. १७ खेळाडू, सगळे जवान, त्यातले बरेचजण नुकतेच महायुद्धातून सुटून आलेले, घरदार हजारो मैल लांब, घरी फोन लावायचा म्हणजे दिव्य, टीव्ही नाही, एका रूममध्ये दोघं दोघं. काऊंटीच्या (तिथल्या जिल्ह्यांच्या टीम) मॅचेस असायच्या तेव्हा कुठल्याशा छोट्या गावात मुक्काम, आणि रविवारी तर तेव्हा इंग्लंडमध्ये खेळच नसायचा. आख्खा रविवार हॉटेलात बसून करायचं काय माणसाने? पत्ते झाले, गोल्फ झालं, पत्रं लिहून झाली, की मग शेजारच्या रूमकडे लक्ष जाणारच ना.

बोटीवर तर खोड्यांना अधिकृत परवानगीच असायची म्हणा ना. विषुववृत्त ओलांडताना समुद्रदेवाचा दरबार भरवायची जुनी पद्धत आहे, जो पहिल्यांदाच ओलांडतोय त्याला धरून आणायचं, तोंडाला फेस फासून लाकडी वस्तऱ्याने दाढी केल्याचं नाटक करायचं आणि पाण्यात ढकलून द्यायचं. तिथे कोण कसोटीवीर आणि कोण नवखा हे कोणी बघत नसे.

(याच १९४८ च्या प्रवासात बोट कोलंबोला थांबली तेव्हा एक मॅच झाली आणि नंतर कळलं की खेळपट्टी २२ ऐवजी २० यार्डांचीच आखली होती. ती खोडी नव्हती, चूक होती, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

आता माझा सगळ्यात आवडता किस्सा. लिंडसे हॅसेट. ब्रॅडमननंतर ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन झाला तो. उंचीने अगदी छोटा, जेमतेम साडेपाच फूट, चेहरा इतका गंभीर की यानेच काही केलं असेल यावर कोणाचा विश्वास बसू नये. १९३८ च्या इंग्लंड दौऱ्यावर टीमचा मुक्काम डर्बीशायरमध्ये ग्रिंडलफर्ड नावाच्या खेड्यात होता, आजूबाजूला डोंगर, माळ, चरणारी जनावरं. तिथे याने एक चिखलाने बरबटलेली बकरी पकडली आणि रात्री ती बें बें करणारी बकरी गुपचूप आणून एका रूममध्ये सोडली. रूम कोणाची? स्टॅन मॅकॅब आणि बिल ओरायलीची!! दोघं गाढ झोपलेले.

ज्यांना ओरायली माहीत नाही त्यांनी एवढंच लक्षात घ्या की त्याला टीममध्ये टायगर म्हणायचे, सव्वासहा फुटाच्या आसपासचा आडदांड माणूस, लेगस्पिनर असून फास्ट बॉलरचा राग अंगात. आणि मॅकॅबने त्याच दौऱ्यात ट्रेंटब्रिजला २३२ ठोकले होते, तेव्हा ब्रॅडमनने आत बसलेल्यांना बोलावून बाल्कनीत उभं केलं होतं, हे बघा, असं परत बघायला मिळणार नाही म्हणून. म्हणजे टीममधली सगळ्यात दबदब्याची रूम होती ती. आणि हॅसेट त्या दौऱ्यावर नवा पोरगा! इंग्लंडचा पहिलाच दौरा त्याचा. नवख्याने जाऊन सीनिअरच्या अंगावर बकरी सोडली, मला त्यातलं हेच सगळ्यात ग्रेट वाटतं.

---

कव्हर_ड्राइव्ह_काका

हॅसेटचं नाव निघालंच आहे तर आपल्याकडचा एक. १९४५, महायुद्ध नुकतंच संपलेलं, ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेसची (म्हणजे सैन्यातल्या खेळाडूंची) टीम इंग्लंडहून घरी जाता जाता भारतात खेळायला आली होती, कॅप्टन हाच हॅसेट, आणि टीममध्ये फास्ट बॉलर कीथ मिलर. कलकत्त्याला ईस्ट झोनशी मॅच होती आणि ईस्ट झोनकडून खेळत होता इंग्लंडचा बॅट्समन डेनिस कॉम्प्टन, कारण तो तेव्हा इंग्रजी सैन्यातर्फे भारतातच होता. (आपल्या लोकांना कॉम्प्टन आठवतो तो होळकरांकडून, त्याच वर्षी ब्रेबॉर्नवर मुंबईविरुद्ध रणजी फायनलला नाबाद २४९ केले होते त्याने, आणि तरी होळकर हरले.)

तर कलकत्त्यात तेव्हा वातावरण पेटलेलं, निदर्शनं चालू, आणि मॅच चालू असतानाच लोक मैदानात घुसले. कॉम्प्टन बॅटिंग करत होता. जमावाचा म्होरक्या सरळ त्याच्यापाशी गेला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, मिस्टर कॉम्प्टन, तुम्ही फार चांगले खेळाडू आहात, पण खेळ आता थांबलाच पाहिजे.

मिलर हे ऐकत उभा होता. बस. पुढे आयुष्यभर, म्हणजे ॲशेसमध्ये वगैरे, कॉम्प्टन बॅटिंगला आला की मिलर त्याला तेच वाक्य तसंच्या तसं ऐकवायचा, मिस्टर कॉम्प्टन, तुम्ही फार चांगले खेळाडू आहात, पण खेळ आता थांबलाच पाहिजे. आणि मग बाउन्सर टाकायला मोकळा. दोघांची दोस्ती शेवटपर्यंत घट्ट राहिली. मला विचाराल तर खोडी अशी असावी, एक वाक्य, त्यात कोणाचं काही मोडत नाही तुटत नाही, आणि वर्षानुवर्षं पुरते.

दुसरी एक गोष्ट इंग्लंडच्या पॅट्सी हेंड्रनची सांगतात. खरी किती नि रंगवलेली किती देव जाणे, पण दौऱ्याच्या गप्पांत ती असतेच. ऑस्ट्रेलियात फिरताना हा कुठल्याशा आडगावात मॅच बघत उभा राहिला. एक गडी कमी होता म्हणून त्यांनी याला ओळखपाळख नसताना फिल्डिंगला उभं केलं, ते पण उतारावर, जिथून पीच दिसतच नाही. बराच वेळ हा एकटाच उभा. मग अचानक आभाळातून एक उंच कॅच आला, याने झकास पकडला आणि ओरडत वर पळत गेला, घेतला, घेतला! तर बॅट्समन याच्याकडे खाऊ की गिळू बघतोय, म्हणतो, ते लोक केव्हाच ऑल आउट झाले, आता आपली बॅटिंग चालू आहे. 😂

---

पोल_टू_पोल

सगळे किस्से भारी आहेत, मी पण हसले. पण थोडं वेगळं बोलते, राग मानू नका.

मी खो-खो खेळले आहे, बाहेरगावच्या स्पर्धांना आमची टीम जायची, शाळेच्या वर्गात गाद्या टाकून झोपायचो. खोड्या व्हायच्याच. पण त्या कोणाच्या व्हायच्या तर कायम नव्या मुलींच्या. एकदा एका नव्या मुलीचे बूट सकाळच्या मॅचच्या आधी लपवले, तिला वाटलं हरवले, घरी काय सांगायचं म्हणून ती कोपऱ्यात जाऊन रडत बसली आणि सीनिअर मुली हसत होत्या. ती पुढच्या वर्षी खेळायला आलीच नाही. चांगली खेळायची हो. पळती असताना तिच्याइतकी हुलकावणी आमच्यात कोणालाच जमत नव्हती. याला आमच्याकडे "गंमत" म्हणायचे आणि सर पण म्हणायचे की टीम अशीच घडते. मला हे आजही पटत नाही.

विम्बल्डन फुटबॉल क्लबचं उदाहरण बघा. ८० च्या दशकात त्यांच्या टीमला क्रेझी गँगच म्हणायचे. नवा खेळाडू आला की त्याचे कपडे फाड, सूट काप, सामान जाळ, असले प्रकार चालायचे. लोक अजून कौतुकाने सांगतात, कारण १९८८ ला त्यांनी लिव्हरपूलला १-० हरवून एफए कप जिंकला. जिंकले म्हणून सगळं माफ? जे सहन करू शकले नाहीत त्यांचे किस्से कोण सांगणार?

म्हणून माझा साधा हिशोब आहे. ज्याची खोडी काढली तो उद्या तुमची खोडी काढू शकतो का? काढू शकत असेल तर ती गंमत. तो घाबरून गप्प बसणार हे तुम्हाला आधीच माहीत असेल तर ती दादागिरी. वर बकरीचा किस्सा मला आवडला तो म्हणूनच, छोट्याने मोठ्याची घेतली. उलटं झालं असतं, ओरायलीने नव्या हॅसेटच्या अंगावर बकरी सोडली असती, तर मला नसता आवडला.

---

थर्डमॅन_७७

@पोल_टू_पोल राग कसला, तुमचा मुद्दा एकदम मान्य. मी किस्से वाचताना या अंगाने विचारच केला नव्हता, कोण कोणाची काढतोय हे बघितलं तर अर्धे किस्से वेगळेच वाटायला लागतात. तुमच्या टीममधल्या त्या मुलीचं वाचून वाईट वाटलं.

मग अजून एक विचारतो, सीनिअर लोक स्वतःहून टार्गेट व्हायला तयार आहेत अशी टीम कुठे होती का?

---

बेस_चोर

होती ना. बेसबॉलमध्ये. बाल्टिमोर ओरिओल्स, साठच्या दशकातली.

फ्रँक रॉबिन्सन त्यांचा सगळ्यात मोठा स्टार, तो मॅच जिंकल्यावर ड्रेसिंग रूममध्ये कोर्ट भरवायचा. डोक्यावर फरशी पुसायचा मॉप उलटा घालून, म्हणजे जजचा केसांचा टोप. आणि मग खटले, कोण बेसवर झोपला, कोणी सोपा बॉल सोडला, कोणी बाष्कळ बडबड केली, सगळ्यांना किरकोळ दंड. त्यात सूट कोणालाच नाही, स्टार असो की कालचं पोरगं. असलं कोर्ट बऱ्याच टीममध्ये चालतं, क्रिकेटच्या दौऱ्यांवर पण असायचं, पण मॉपवाला जज एकच.

त्याच टीममध्ये मो ड्रॅबोव्स्की नावाचा पिचर (म्हणजे बेसबॉलमधला बॉलर) होता. जन्म पोलंडचा, आणि माझ्या मते खेळाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा खोडकर माणूस. साप आणून लोकांच्या लॉकरमध्ये ठेवायचा. पण त्याचा मास्टरपीस १९६६ चा. ओरिओल्स कॅन्सस सिटीला खेळायला गेले होते. हा आधी कॅन्सस सिटीकडूनच खेळलेला, त्यामुळे तिथला बुलपेनचा फोन नंबर याला पाठ. (बुलपेन म्हणजे बदली पिचर जिथे बसतात आणि वॉर्मअप करतात ती जागा, मॅनेजर डगआउटमधून, म्हणजे टीमच्या बाकावरून, फोन करून सांगतो की अमक्याला तयार ठेवा.) तर कॅन्सस सिटीचा पिचर मस्त टाकतोय, काही गरज नाही, आणि ड्रॅबोव्स्कीने आपल्या बुलपेनमधून त्यांच्या बुलपेनला फोन लावला, त्यांच्याच मॅनेजरच्या, ॲल्विन डार्कच्या, आवाजात ओरडला, क्राऊसला गरम करा, लवकर! आणि ठेवला फोन. तिकडे सगळ्यांची तारांबळ, बिचारा क्राऊस उठून धडाधड बॉल टाकायला लागला. आणि मैदानातला त्यांचा चालू पिचर बघतोय की बदली माणूस तयार होतोय, त्याला काय वाटलं असेल विचार करा.

आणि हा नुसता टवाळ नव्हता बरं का. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजच्या (तिथली फायनल) पहिल्याच गेममध्ये मधून येऊन याने ११ जणांना स्ट्राइकआउट (बॉल मारूच न देता आउट) केलं आणि ओरिओल्सने सिरीज ४-० ने मारली. मला वाटतं ज्याचा खेळ चोख असतो त्याच्या खोड्या लोक पोटात घालतात, हे पण एक कारण आहे.

---

कव्हर_ड्राइव्ह_काका

चोख खेळ आणि खोड्या म्हणताय तर मग आपला सचिन विसरलात होय!

सगळ्यांना तो शांत, सभ्य वगैरे वाटतो. सौरव गांगुलीने स्वतः सांगितलेला किस्सा आहे, हे लोक पोरवयात इंदूरला ज्युनिअर कॅम्पला होते. गांगुली दुपारचा झोपलेला. जाग आली तर रूममध्ये पाणीच पाणी, सुटकेस तरंगतायत. त्याला वाटलं पाइप फुटला असणार. दार उघडतो तर बाहेर सचिन आणि विनोद कांबळी, बादल्या घेऊन हजर!

आणि गांगुलीच्या नशिबात हे कायमच होतं, कॅप्टन झाल्यावर पण. २००५ ला पाकिस्तानशी वनडे सिरीज चालू होती, कोचीची मॅच, तारीख १ एप्रिलच्या आसपासची. पोरांनी खोटी बातमी छापून घेतली, गांगुलीने मुलाखतीत स्वतःच्याच खेळाडूंना नावं ठेवली अशी. आणि सगळे त्याच्यासमोर तोंडं पाडून बसले, कोणी बोलेना. हा बिचारा शपथा घेतोय की मी असं काही बोललोच नाही, कोणी ऐकेना, शेवटी अगदी रडकुंडीला येऊन म्हणाला की तुम्हाला असं वाटत असेल तर मी कॅप्टनशिपच सोडतो. तेव्हा द्रविडला राहवलं नाही, त्याने फोडलं की एप्रिल फूल आहे. युवराज, हरभजन मंडळी या कटात पुढे होती असं सांगतात.

पोल_टू_पोल ताई, तुमच्या हिशोबात ही बसते बघा, ज्युनिअरनी कॅप्टनची घेतली. पण मला यातलं द्रविडचं आवडतं. कुठे थांबायचं हे बघणारा एक तरी माणूस रूममध्ये पाहिजे.

---

पोल_टू_पोल

हो काका, हेच तर. आमच्या टीममध्ये तो "द्रविड" नव्हता कोणी. मी पण नव्हते, तेव्हा मी स्वतःच नवी होते आणि घाबरायचे.

गॉवरच्या किस्स्यात पण मला एक खटकतं. गॉवर तेव्हा शंभरच्या वर टेस्ट खेळलेला माणूस, त्याला काय फरक पडतो. त्या मॉरिसचं काय झालं पुढे?

---

लाकडी_साइटस्क्रीन

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत.

मॉरिस एकूण ३ टेस्ट खेळला, तिन्ही आपल्याविरुद्ध, १९९० च्या उन्हाळ्यात, म्हणजे गूचचे ३३३ आणि मँचेस्टरला सचिनचं पहिलं शतक झालं तीच सिरीज. करारात ज्या मॅचमध्ये ते विमान उडवलं त्याच मॅचमध्ये त्याने शतक मारलं होतं! म्हणजे टीममध्ये जागा मिळवायची याहून चांगली संधी नव्हती. त्यानंतर तो इंग्लंडकडून परत कधीच टेस्ट खेळला नाही. आता विमानामुळेच असं कोणी लिहून दिलेलं नाही, पण गॉवर १९९२ ला पाकिस्तानविरुद्ध परत आला आणि मॉरिस नाही आला, एवढं रेकॉर्डवर आहे. दंड मात्र दोघांना सारखाच. माझं स्पष्ट मत आहे की टीममधला मोठा माणूस जेव्हा छोट्याला बरोबर घेऊन असला उद्योग करतो तेव्हा जबाबदारी मोठ्याने जास्त घ्यायची असते, आणि मॅनेजमेंटनेही ते बघायला हवं होतं.

थर्डमॅन, तुम्ही विचारलं होतं की तेव्हा चालवून कसे घ्यायचे. माझ्या मते दोन गोष्टी. एक म्हणजे दौऱ्याबरोबर फिरणारे पत्रकार त्याच बोटीवर, त्याच हॉटेलात असायचे, आतल्या गोष्टी आतच राहायच्या, कोणाच्या हातात कॅमेरावाला फोन नव्हता. गॉवर अडकला त्यात त्या फोटोंचा हात मोठा. दुसरं म्हणजे खेड्यापाड्यातल्या, काऊंटीच्या मॅचेस. त्या आता दौऱ्यात उरल्याच नाहीत फारशा, तीन टेस्ट खेळायच्या आणि विमानाने घरी. प्रत्येकाला वेगळी रूम. बकरी सोडायला दार तरी कोणाचं उघडं मिळणार?

आणि हॅसेट पुढे कॅप्टन झाल्यावर सुधारला असेल असं कोणाला वाटत असेल तर तसं काही नाही. १९५३ चा इंग्लंड दौरा, हा कॅप्टन, वय चाळिशीचं, लंडनमधल्या मोठ्या हॉटेलात जेवण चाललेलं. वेटरच्या हातून याच्या कोटावर काहीतरी गोड पदार्थ सांडला. वेटर घाबरून माफी मागायला लागला, कोट साफ करून आणतो म्हणाला. हॅसेटने शांतपणे कोट काढून दिला. मग खाली बघितलं तर पॅंटवर पण एक डाग. उभा राहिला, पॅंट काढली, ती पण वेटरच्या हातात दिली आणि परत बसून आपलं जेवण नीट संपवलं, चेहऱ्यावरची रेषसुद्धा न हलवता.

---

बेस_चोर

😂😂 त्या वेटरचं नाव कोणीतरी शोधा रे, त्याच्या तोंडून ऐकायला पाहिजे होतं हे.